लॉ कॉलेजचे प्राध्यापक लिहितात, ते वाचतं कोण?

वाचणाऱ्यांसाठी नेहमीची सूचना: बोलताना अडखळलो ते गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे लॉ कॉलेज. तिथले प्राध्यापक काय लिहितात आणि तिथली मुलं कशी जगतात, आणि मुख्य म्हणजे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो का?

आता मी कोण हे सांगणारा? मी सॉफ्टवेअरवाला. बीटेक केलं, नोकरीला लागलो, दिवसभर स्क्रीनपुढे असतो. कायद्याशी माझा संबंध दर अकरा महिन्यांनी भाडेकरार करण्यापुरता. पण माझी धाकटी बहीण पुण्यात लॉ करते. पाच वर्षांचा कोर्स, सध्या तिसरं वर्ष. आम्ही दोघं एकाच फ्लॅटवर राहतो. त्यामुळे गेली तीन वर्षं आमच्या डायनिंग टेबलावर जेवणापेक्षा झेरॉक्स जास्त असतात.

लॉच्या मुलांचं आयुष्य मी जवळून बघितलंय ते असं. मूट कोर्ट आलं की आठवडाभर झोप नाही. मूट कोर्ट म्हणजे खोटा खटला. दोन्ही बाजूंनी लेखी निवेदन तयार करायचं, त्याला ते मेमोरियल म्हणतात, ते स्पायरल बाइंड करायचं, आणि काळा कोट घालून समोरच्या परीक्षकाला 'माय लॉर्ड' म्हणायचं. मे महिन्यात इंटर्नशिप, म्हणजे कुठल्यातरी वकिलाच्या ऑफिसात फायली उचलायच्या. आणि वर्षभर निकाल वाचायचे. आम्ही इंजिनिअरिंगला फॉर्म्युले पाठ करायचो, ही मुलं खटल्यांची नावं पाठ करतात. अमुक विरुद्ध तमुक, साल, तत्त्व. त्या नावामागे एक माणूस होता हे परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला आठवत नाही. आठवून मार्कही मिळत नाहीत.

मग प्राध्यापक काय लिहितात? विज्ञानाच्या प्राध्यापकाकडे प्रयोगशाळा असते. कायद्याच्या प्राध्यापकाची प्रयोगशाळा म्हणजे निकालपत्रं. न्यायालयाने काय म्हटलं, त्यात तर्क कुठे जुळतो, कुठे तुटतो, आधीच्या निकालांशी मेळ बसतो का, हे तो तपासतो. त्यातून पाठ्यपुस्तक होतं, टीपण होतं, नियतकालिकातला लेख होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर देशातल्या सगळ्यात मोठ्या कोडबेसचं कोड रिव्ह्यू. फरक एवढाच की आमच्याकडे रिव्ह्यूवरची कमेंट वाचल्याशिवाय कोड पुढे जात नाही. प्राध्यापकाची कमेंट न्यायाधीशाने वाचलीच पाहिजे असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

तर प्रश्न असा, की मग ती लिहायची कुणासाठी? याचं मला पटलेलं उत्तर एका जुन्या पत्रात आहे. १९७९ सालच्या. आज त्या पत्राबद्दल बोलायचंय. हा भाग थोडा जड आहे. लैंगिक अत्याचाराच्या खटल्याचा उल्लेख येणार आहे, त्यामुळे लहान मुलं सोबत असतील तर नंतर ऐका.

आधी खटला. जागा आपल्या महाराष्ट्रातली. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. तारीख २६ मार्च १९७२. एक आदिवासी मुलगी, आईवडील नसलेली, भावाकडे राहणारी, मजुरी करणारी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. भावाने केलेल्या एका तक्रारीसाठी तिला आणि घरच्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं. जबाब झाले, रात्र झाली. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. ठाण्याच्या आवारात तिच्यावर अत्याचार झाला, असा आरोप दोन पोलिसांवर होता. बाहेर तिची माणसं उभी होती.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि शिक्षा दिली, एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. उच्च न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: अनोळखी पोलिसांपुढे, त्यांच्याच ठाण्यात, एखादी मुलगी हतबल होऊन गप्प राहिली तर त्याला संमती म्हणत नाहीत. मग प्रकरण दिल्लीला गेलं. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोघांनाही निर्दोष सोडलं. कारणं काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, म्हणजे प्रतिकार झाला नाही.

कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून आहे. तुकाराम हे एका आरोपीचं नाव. चळवळीत मात्र हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने ओळखलं जातं. मी ते नाव घेणार नाहीये. का, ते शेवटी सांगतो.

आता बघा, निकाल लागला आणि छापून आला. देशभरातल्या लॉ कॉलेजांच्या ग्रंथालयांत निकालांचे जाडजूड खंड येतात, त्यात तोही आला. मोर्चा नाही, काही नाही. पुढच्या परीक्षेला 'संमती म्हणजे काय' या प्रश्नाच्या उत्तरात मुलांनी तो लिहिला असता आणि मार्क मिळवले असते. असंच चालतं.

पण चार जणांनी तसं चालू दिलं नाही. चौघंही कायद्याचे शिक्षक. दिल्ली विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीतले उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर, आणि पुणे विद्यापीठातल्या वसुधा धागमवार. १६ सप्टेंबर १९७९ रोजी, म्हणजे निकालाला एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर, त्यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. सरन्यायाधीश कोण होते? यशवंत विष्णू चंद्रचूड. पुण्याचे, आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. निकाल देणाऱ्या पीठावर ते नव्हते, पण न्यायालयाचे प्रमुख ते होते.

या चौघांची थोडी ओळख करून देतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लतिका सरकार यांनी केंब्रिजमधून कायद्यात पीएच.डी. केली होती. दिल्लीच्या लॉ फॅकल्टीतल्या पहिल्या महिला प्राध्यापक त्याच. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला सरकारने १९७१ मध्ये समिती नेमली, तिच्या त्या सदस्य होत्या. समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला. म्हणजे पत्र लिहायला बसल्या तेव्हा त्यांच्यामागे काही वर्षांची पायपीट आणि हजारो स्त्रियांचं ऐकलेलं होतं.

केळकर म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकाचे केळकर. लॉ करणाऱ्या कुणालाही विचारा, 'केळकर' त्यांच्या बॅगेत असतो. बहिणीच्याही होता. पत्रावर सही करणारे केळकर ते हेच, हे मात्र तिला तोवर ठाऊक नव्हतं.

बक्षी सर्वोच्च न्यायालय आणि राजकारण या विषयावर लिहीत होते. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आणि धागमवार. त्यांनी सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये काम केलं. कायदा आदिवासींपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचं काय होतं, यावरचं त्यांचं पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. मधल्या काळात दिल्लीत 'मार्ग' ही कायद्याची माहिती सामान्य माणसांपर्यंत नेणारी संस्था त्यांनी उभी केली.

म्हणजे एकाला फौजदारी प्रक्रिया पाठ, एकीला स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास, एकीला आदिवासी भागाचा अनुभव, एकाला न्यायालय कसं चालतं याची जाण. एखादी टीम निवडून बनवावी तशी ही चौकडी.

पत्र काही पानांचंच आहे. बहिणीने मला पाठवलं तेव्हा म्हणाली, "दादा, वाच, इंग्रजी अवघड नाहीये." खरंच नव्हतं. मी कामावरून आलो आणि एका बैठकीत वाचलं. वाचताना मला सारखं एकच वाटत होतं: हा तर उत्तम बग रिपोर्ट आहे.

चांगल्या बग रिपोर्टमध्ये काय असतं? शिव्या नसतात. 'तुमचं सॉफ्टवेअर भिकार आहे' असं लिहिलं की समोरचा तिकीट बंद करतो. अपेक्षित काय होतं, घडलं काय, नेमकी कुठल्या ओळीत चूक आहे आणि ती दुरुस्त कशी होईल, हे सांगावं लागतं. पत्रात हे सगळं आहे.

चूक कुठे? पत्र म्हणतं, शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे संमती आहे तिथे शरण जाणं असू शकतं, पण शरण गेली म्हणून संमती होती असं उलटं म्हणता येत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाला लॉजिक शिकवतात तेव्हा हेच शिकवतात. 'अ' असेल तर 'ब' असतो, यावरून 'ब' असेल तर 'अ' असतोच असं सिद्ध होत नाही. पुराव्यातून फार तर एवढंच दिसतं की ती शरण गेली.

दुसरं. न्यायालयाने काय बघितलं नाही? तिचं वय, गरिबी, कायद्याची माहिती नसणं, वकील न मिळणं, आणि गरीब माणसाला पोलीस ठाण्यात वाटणारी भीती. पत्र विचारतं की ठाण्याच्या आत दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या पोरीने यशस्वीपणे ओरडावं अशी अपेक्षा न्यायालय खरंच ठेवतं का?

तिसरं, आणि इथे खरा मास्तर दिसतो. त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी खटल्यात स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याबद्दल कडक शब्द वापरले होते. मग पाचच महिन्यांनी आलेल्या या निकालात, एका मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेतलं याबद्दल एक शब्दही का नाही? म्हणजे तुमच्याच आधीच्या आवृत्तीशी हे विसंगत आहे, बघा.

आणि मागणी? प्रकरणाचा फेरविचार करा. बस.

ही चार माणसं सरन्यायाधीशांना अशा भाषेत लिहीत होती तेव्हा तसं करायची पद्धत नव्हती. न्यायालयाचा अवमान हा शब्द प्रत्येक वकिलाच्या डोक्यावर टांगलेला असतो. कायद्याच्या शिक्षकाची सगळी प्रतिष्ठा न्यायालयाच्या आदरावर उभी असते. त्यांनी लेख लिहून तो नियतकालिकात टाकला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी पत्र लिहिलं, उघडपणे लिहिलं, आणि सही केली. पुढे ते एससीसी या निकाल छापणाऱ्या नियतकालिकाच्या लेखविभागातही आलं, म्हणजे शेवटी ते त्याच कपाटात गेलं जिथे तो निकाल होता.

मग झालं काय?

निकाल बदलला नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना आपण शेवट गोड करून टाकतो. ते दोन पोलीस सुटले ते सुटलेच.

पण पत्र पसरलं. वर्तमानपत्रांनी उचललं, महिला संघटनांनी हातोहात फिरवलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला. त्या वर्षीच्या ८ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले, मागणी एकच, हा खटला पुन्हा उघडा. एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाने बलात्काराच्या कायद्यावरचा ८४ वा अहवाल दिला. आणि १९८३ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला.

त्या दुरुस्तीत काय आलं? पोलीस किंवा सरकारी नोकराने आपल्या ताब्यातल्या स्त्रीवर केलेला अत्याचार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला, किमान दहा वर्षं. पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं. ताब्यातल्या अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्री कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरून चालायचं. सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर. म्हणजे देसाईगंजचा खटला या कलमाखाली चालला असता तर 'ती ओरडली का नाही' हा प्रश्न तिला विचारून भागलं नसतं.

पत्रातला मूळ मुद्दा, शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, तो कायद्याच्या व्याख्येत थेट यायला मात्र २०१३ उजाडलं. दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं गेलं की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानायचं नाही. १९७९ ते २०१३. चौतीस वर्षं. लतिका सरकार फेब्रुवारी २०१३ मध्ये गेल्या, त्याच महिन्यात ही दुरुस्ती वटहुकूम म्हणून लागू झाली. आता दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे, त्यातही ते वाक्य आहे.

आता विद्यार्थ्यांकडे येतो. कारण आपला प्रश्न होता की शिक्षकाच्या लिखाणाचा आणि पोरांच्या आयुष्याचा संबंध काय.

या पत्रानंतर बक्षी आणि लतिका सरकार थांबले नाहीत. आग्र्यातल्या स्त्रियांसाठीच्या संरक्षणगृहातल्या अमानुष परिस्थितीची बातमी आली, तेव्हा दोघांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. मग दिल्लीच्या नारी निकेतनबद्दल तसंच एक पत्र न्यायालयात गेलं. त्या पत्रामागे दिल्लीच्या लॉ फॅकल्टीचा एक विद्यार्थी होता. १९८१ च्या अखेरीस आलेल्या एस. पी. गुप्ता खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी या दोन्ही पत्रांचा उल्लेख केला आहे. आज आपण जनहित याचिका म्हणतो, ती रुजण्याच्या वाटेवरचे हे टप्पे.

मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडलं. प्राध्यापकाने वर्गात 'सामाजिक बांधिलकी' या विषयावर व्याख्यान दिलं म्हणून पोरगं पत्र लिहायला बसत नाही. समोर शिकवणारा माणूस स्वतः लिहून न्यायालयात पाठवतो आणि ते दाखल होतं, हे त्याला दिसतं. मग त्याला वाटतं, हे मलाही जमेल. आमच्याकडे ज्युनिअरला कोडिंग स्टँडर्डचं पीडीएफ वाचून काही येत नाही, सीनिअरचं कोड वाचून येतं. तसंच.

इथून आजच्यावर येतो. इथे थोडा राग येईल, सांभाळून घ्या.

२०१० च्या नियमावलीत यूजीसीने एपीआय नावाची गुणपद्धत आणली. प्राध्यापकाने काय काय केलं त्याचे गुण. पेपर छापला की गुण, परिषदेत वाचला की गुण. हेतू वाईट नव्हता, न लिहिणाऱ्यांनी लिहावं एवढाच होता. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे की ज्याचं माप काढाल तेच माणसं वाढवतात. आमच्याकडे कुणी कोडच्या ओळी मोजायला लागलं की ओळीच वाढतात, काम तेवढंच राहतं. इथे पेपर मोजले, तर पेपर वाढले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. ते रोखायला २०१९ मध्ये यूजीसीने दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी काढली, आणि २०२५ मध्ये ती बंदही केली.

हे लोण आता विद्यार्थ्यांपर्यंत आलंय. माझ्या बहिणीला असे मेसेज येतात: पेपर पाठवा, दीड हजार भरा, तीन दिवसांत प्रकाशन, सोबत सर्टिफिकेट. इंटर्नशिपच्या अर्जात 'प्रकाशने' असा रकाना असतो ना, तो भरायला मुलं पैसे भरतात. मी त्यांना दोष देत नाही. रकाना आहे, शेजारच्या पोराने भरलाय, तुमचा रिकामा दिसतो.

तिलाही या सत्रात पेपर लिहायचा होता. विषय तिने घेतला, चौकशीसाठी स्त्रियांना ठाण्यात बोलावण्याचा नियम. हे पत्र तिच्या हाती लागलं ते यातूनच. आणि त्याच सुमारास कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रातर्फे ती एका गावात शिबिराला गेली. साक्षीसाठी स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावू शकत नाहीत, तिच्या राहत्या ठिकाणी येऊन विचारावं लागतं, हे तिने बायकांना सांगितलं. एक आजी म्हणाल्या, "पोरी, हे तू सांगतेस. पोलिसाला कुणी सांगितलंय का?"

ती घरी आली ती गप्पच. दोन दिवसांनी म्हणाली, "दादा, मी पेपर लिहिणार, पण आधी ते एक पान लिहिते." म्हणजे काय, तर नियमाचं मराठीतलं एक पान. कलम कुठलं, त्यात काय म्हटलंय, पोलीस आले तर काय विचारायचं, मोफत वकील कुठे मिळतो. एक पान. तिला वाटलं होतं तासाभरात होईल. आठवडा लागला. 'साक्षीदार' आणि 'आरोपी' यात नियम बदलतो, अटक असेल तर वेगळंच, आणि हे सगळं चुकीचं न ठरता सोपं लिहायचं. शेवटी मॅडमकडे गेली.

या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, आणि पुढच्या वर्षी घेतील की नाही ते पुढच्या वर्षी कळेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत निम्म्या वर्गांना हीच माणसं शिकवतात. मॅडमनी दोन संध्याकाळी बसून त्या एका पानावर लाल पेन चालवलं. एके ठिकाणी 'करता येणार नाही' होतं, तिथे त्यांनी 'सहसा करता येत नाही' केलं आणि अपवाद कुठला ते समासात लिहिलं. पोरगी वैतागली. मॅडम म्हणाल्या, उद्या एखादी बाई हे पान घेऊन ठाण्यात उभी राहील, तेव्हा त्यातला एक शब्द चुकला तर तिची फजिती होईल, तुझी नाही.

मंडळी, हे ऐकल्यावर मला त्या चौघांची आठवण झाली. पत्राची आणि या पानाची बरोबरी मी करत नाहीये. पण शब्द तपासून घ्यायची काळजी तीच आहे, आणि कुणासाठी तपासायचा तेही तेच. ज्याला हे लिखाण कधी वाचता येणार नाही, पण ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार आहे, त्या माणसासाठी.

आणि आता हिशेब बघा. त्या दोन संध्याकाळींचे मॅडमना गुण किती? शून्य. पैसे? शून्य. दीड हजार भरून तीन दिवसांत छापलेला पेपर मात्र बायोडेटात दिसतो. १९७९ चं ते पत्र जर आज एखाद्या तासिकेवरच्या प्राध्यापकाने लिहिलं, तर फॉर्ममध्ये ते कुठल्या रकान्यात बसेल? मी शोधून बघितलं, मला सापडलं नाही. आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही याची धाकधूक असलेल्या माणसाने सरन्यायाधीशांना पत्र लिहावं, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची? बक्षी, सरकार, केळकर धीट होते यात शंका नाही. पण त्यांच्या पायाखाली पक्की नोकरी होती, हेही खरं आहे. विद्वत्तेला धीर लागतो आणि धीराला थोडी स्थिरता लागते. लॉ कॉलेजांत पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवून 'संशोधन वाढवा' म्हणणं म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटेला दोर लांब करत बसण्यासारखं आहे.

तिचं ते पान शिबिरातल्या गावात वाटलं. पेपर अजून लिहून व्हायचाय. अर्जातला रकाना तूर्त रिकामा आहे आणि त्याची तिला काळजी आहे, मला खोटं सांगायचं नाही. मी तिला 'रकाना सोडून दे' असं म्हटलेलं नाही, नोकरी तिला शोधायचीय. एवढंच म्हटलं, पैसे भरून भरू नकोस.

आता नावाचं. सुरुवातीला म्हटलं होतं की त्या मुलीचं नाव घेणार नाही. १९८३ च्या त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, २२८-अ. अशा गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा. आज न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. म्हणजे जिच्या खटल्यामुळे हे संरक्षण पुढच्या प्रत्येकीला मिळालं, तिला स्वतःला ते मिळालं नाही. तिचं नाव निकालात आहे, पुस्तकांत आहे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आहे. लोक ते आदराने घेतात, हे मला मान्य आहे, आणि घेणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही. पण तिला कुणी विचारलं होतं का? कायदा बदलला त्यातून तिला स्वतःला काय मिळालं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कलमात नाही. लॉ कॉलेजात हा खटला शिकवताना इतकं जरी वर्गात बोललं गेलं तरी पुष्कळ झालं.

जाता जाता, लॉ करणारे जे कुणी ऐकत असाल त्यांना माझी एकच विनंती. तुम्हाला शिकवणाऱ्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना विचारा, तुम्ही काय लिहिलंय? आणि ते वाचा. पटलं नाही तर त्यांना जाऊन सांगा. अर्ध्या जणांचं लिखाण त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनीही कधी वाचलेलं नसतं. वाचणारा आहे असं कळलं की लिहिणारा वेगळं लिहितो, हे मी ब्लॉग लिहिणारा माणूस खात्रीने सांगू शकतो.

आणि जे लॉवाले नाहीत, माझ्यासारखे, त्यांनी ते खुलं पत्र शोधून वाचा. अर्धा-पाऊण तास लागेल. इंग्रजीत आहे, मराठीत कुणी नीट आणलं असेल तर मला कळवा, पुढच्या भागात सांगेन. आणि कुणी आणलं नसेल, तर ऐकणाऱ्यांपैकी एखादं लॉचं पोर ते मनावर घेईल का? त्याचं सर्टिफिकेट मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चला, आजच्यापुरतं इथेच थांबतो. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.